पाव्हणं कुठलं?

कृष्णाकाठच्या आमच्या पट्ट्यात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पाव्हणं कुठलं?" गावाचं नाव निघालं की तालुका, तालुक्यावरून आडनाव, आडनावावरून "मग तिथल्या अमक्यांचे तुम्ही कोण?" साताऱ्याहून सुटलेल्या एसटीत ही चौकशी उंब्रजला सुरू झाली तर कराडला पुरी होते. गाडी पेठ नाक्यावरून सांगलीच्या रस्त्याला लागते तोवर समोरचा माणूस आपल्या चुलत साडूचा मावसभाऊ निघालेला असतो. मग कुठे भडंगाची पुडी सुटते.

गाण्यांनाही आपण असंच वाटेत अडवून विचारतो. मी कुणाला जॅझ ऐकवलं तर दुसऱ्याच मिनिटाला "हे म्हणजे आपल्या आलाप-तानांसारखंच की." सोल ऐकवलं तर "कव्वालीतलाच प्रकार." रॅप लावला तर चार ओळींच्या आत "हॅ, हा तर आपला पोवाडा!" असं म्हणणाऱ्याचा चेहरा उजळलेला असतो. सोयरीक जुळलेली असते आणि कान तिथून पुढे मिटलेले असतात. गाणं घरातलंच निघालं, आता त्याच्याकडे वळून काय बघायचं?

सांगलीत राहून असलं संगीत ऐकण्यात आणि ते दुसऱ्यांच्या गळ्यात मारण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं, त्यामुळे या उजळलेल्या चेहऱ्याचा मला थोडा रागच आहे.

माझ्या कानावर ते पडलं आतेभावामुळे. तो वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला होता. होस्टेलवर मुंबईची, गोव्याची पोरं असत आणि त्यांच्या ट्रंकांमध्ये कॅसेटी. शिवाय त्याच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता आणि रात्री शॉर्टवेव्हवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा जॅझचा कार्यक्रम लागायचा. विलिस कोनोव्हर नावाचा माणूस तो १९५५ पासून करत होता. इंग्रजी परकं असलेल्यांनाही कळावं म्हणून तो शब्द एकेक करून, खाली ठेवल्यासारखा बोलायचा. गंमत अशी, की हे केंद्र परदेशांसाठीच होतं, अमेरिकेत त्याचं प्रसारण करायला कायद्याने बंदी होती. म्हणजे वॉर्सात आणि सांगलीत ज्याच्या आवाजावर माणसं जीव टाकत होती, त्याला त्याच्या स्वतःच्या गल्लीत कुणी ओळखत नसेल. आवाज सरळ यायचा नाही. लाटेसारखा वर यायचा, मग खरखरीत बुडायचा, ऐन सुरावर नाहीसा व्हायचा. आतेभाऊ सुई हलवत बसायचा आणि मी काही विचारायला तोंड उघडलं की एवढंच म्हणायचा, "गप बस आणि ऐक."

त्याने कधी काही समजावलं नाही. कॅसेट भरून द्यायचा, तीही कोरी. वर नाव नाही, आत कागद नाही. ते वाद्य सनई नव्हे एवढं कळत होतं. वाजवणारा गोरा की काळा, जिवंत की मेलेला, काही पत्ता नाही. एका कॅसेटमध्ये एक माणूस एकच छोटी सुरावट इतक्या वेळा आणि इतक्या बाजूंनी वाजवायचा की तो रागावलाय की प्रार्थना करतोय, हे मला कित्येक महिने ठरवता आलं नाही. तो जॉन कोल्ट्रेन होता हे फार नंतर कळलं. तेव्हा त्याचं नाव, गाव आणि त्याचा भारतीय संगीताचा ओढा, तो रविशंकरांकडून काय काय शिकला, त्याने मुलाचं नावच रवी कसं ठेवलं, हे सगळं एकदम कुणी सांगितलं असतं तर मीही "अच्छा, आपल्याकडचंच" म्हणून मोकळा झालो असतो.

घरात मात्र याला 'इंग्रजी गोंगाट' म्हणत. वडील नाट्यसंगीतातले. गाव सांगली, तेव्हा त्यात नवल नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच. पण याच वडिलांचा दुसरा देव होता भगवानदादांचा 'अलबेला'. १९५१ चा तो सिनेमा त्यांनी फिरत्या टॉकीजच्या तंबूत पाहिला होता आणि त्यातली गाणी लागली की त्यांचे खांदे आपोआप हलायचे. पुढे मी वाचलं, की त्या गाण्यांमागे आणि काही वेळा पडद्यावरही जो बँड होता तो चिक चॉकलेटचा. अल्दोना या गोव्यातल्या गावचा अंतोनियो झेवियर वाझ, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, त्यानंतर तिथे एकामागून एक अमेरिकन आले. त्यांच्याकडून गोवेकर वादकांनी विद्या उचलली आणि रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत ती वापरली. सी. रामचंद्र अण्णांसारख्या पुणतांब्याच्या माणसाने ती चित्रपटाच्या चालीत इतकी मुरवली की माझ्या वडिलांना ती परकी कधी वाटलीच नाही. मी हे सगळं त्यांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल. पण चाल अण्णांची आहे." त्यावर बोलायला जागा नव्हती.

पण खांदे आधी हलले होते आणि चौकशी चाळीस वर्षांनी झाली होती, हे माझ्या ध्यानात राहिलं.

आता थोडं पाचगणीबद्दल. साताऱ्याच्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ते सहलीच्या गाइडने सांगितल्यासारखं वाटतं, पण त्याची पुढची साखळी सहसा कुणाला माहीत नसते. १९५५ मध्ये झांझिबारहून फारुख बल्सारा नावाचा आठ वर्षांचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. पियानो शिकला. रेडिओवर ऐकलेलं गाणं तसंच्या तसं वाजवून दाखवायचा म्हणतात. १९५८ मध्ये त्याने आणि त्याच्या दोस्तांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि शाळेच्या समारंभांत लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी वाजवायला सुरुवात केली. ज्या संगीतातून पुढे सोल निघालं ते काळ्या अमेरिकेचं संगीत, ते ताजं ताजं असताना, सातारा जिल्ह्यातल्या टेबललँडच्या वाऱ्यात, अर्ध्या चड्डीतली पोरं वाजवत होती. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पुढचं असं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'शिक' या बँडने 'गुड टाइम्स' नावाचं गाणं काढलं. त्याची बेस गिटारची चाल त्याच वर्षी 'रॅपर्स डिलाइट'ने उचलली आणि रॅप पहिल्यांदा घराघरांत गेला. त्याच चालीच्या वळणावर फ्रेडीच्या 'क्वीन' बँडमधल्या जॉन डीकनने १९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बांधलं. अमेरिकेतल्या काळ्या श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांनी ते उचलून धरलं, वाजवणारे काळे नाहीत हे अनेकांना माहीतही नव्हतं, आणि सोल गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी ग्रँडमास्टर फ्लॅशने दोन-तीन फिरत्या तबकड्यांवर हात चालवून जी पहिल्या दर्जाची हिपहॉप ध्वनिमुद्रिका केली, तिच्यात ही दोन्ही गाणी शेजारी शेजारी आहेत. म्हणजे पाचगणीच्या पोराने काळ्या अमेरिकेकडून घेतलेलं बावीस-तेवीस वर्षांत काळ्या अमेरिकेच्या तबकडीवर परत गेलं.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. १९८१ च्या 'अंडर प्रेशर' या क्वीन आणि डेव्हिड बोवीच्या गाण्याची बेसची चाल १९९० मध्ये व्हॅनिला आइसने न विचारता 'आइस आइस बेबी'त घातली. त्यावरून आपल्या बाबा सहगलने १९९२ मध्ये 'ठंडा ठंडा पानी' केलं. त्या वर्षी साताऱ्याच्या एसटी स्टँडाबाहेर कॅसेटच्या गाड्यावर ते दिवसभर चालू असायचं. समोरच पाचगणीच्या गाड्या लागायच्या. मी तिथे उभा राहून बाबा सहगलला नाकं मुरडत होतो, मला हे काहीच ठाऊक नव्हतं.

ही साखळी मला आवडते, पण "बघा, शेवटी सगळं साताऱ्याचंच" असं कुणी म्हणालं तर मी भांडतो. साताऱ्याचं काय आहे त्यात? साताऱ्याने त्या मुलाला एक पियानो आणि एक रेडिओ दिला. तेही कमी नाही, पण सोयरीक म्हणायला ते पुरत नाही.

सांगलीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. मास्टर दीनानाथांनी सांगलीत बिऱ्हाड केलं होतं, नाटक कंपनी होती, १९३४ मध्ये इथेच 'बलवंत पिक्चर्स' काढून सिनेमाचा घाटही घातला होता. लताबाईंचं बालपण इथलं आणि आशाबाईंचा तर जन्मच इथला, १९३३ चा. हा आमचा अभिमानाचा विषय. दीनानाथ नाट्यगृहावरून जाताना रिक्षावालाही सांगतो. भाच्याने मला एकदा साताऱ्याहून एक गाणं पाठवलं. पाठवताना तो नाव लिहीत नाही, ही सवय त्याला मी लावली. एक कृष्णवर्णीय बाई जड, आळसावलेल्या आवाजात गातेय आणि मागे, त्याच त्याच वळणावर पुन्हा पुन्हा येणारा, कोवळा, अणकुचीदार एक आवाज. आधी अंगावर काटा आला, आवाज कुणाचा ते मागाहून ओळखलं.

गाणं 'ॲडिक्टिव्ह', साल २००२, गायिका ट्रुथ हर्ट्स. मागचा आवाज लताबाईंचा, 'ज्योती' या १९८१ च्या सिनेमातल्या बप्पी लाहिरींच्या गाण्याचा. ते गाणं बांधणारा डीजे क्विक हा लॉस एंजेलिसकडचा माणूस. सकाळी टीव्हीवर कुठलंसं हिंदी चॅनेल लागलेलं होतं, गाणं कानावर आलं तसं त्याने व्हीसीआरचं बटण दाबून टिपून घेतलं, असं त्यानेच सांगितलंय. त्याला ना भाषा कळत होती, ना सिनेमा माहीत, ना गायिका. माझ्या आतेभावाने मला दिलेल्या कोऱ्या कॅसेटसारखंच ते. म्हणून तर त्याला त्या आवाजात आपल्याला इतक्या वर्षांत न ऐकू आलेलं काही ऐकू आलं असणार. आपण लताबाई ऐकतो तेव्हा आधी लताबाई ऐकतो, मग गाणं.

आणि इथेच माझा 'गप बस आणि ऐक' हा बाणा अडचणीत येतो. कारण क्विकने नंतरही विचारलं नाही. गाणं अमेरिकेत गाजलं, तबकडीवर ना बप्पीदांचं नाव, ना लताबाईंचं. बप्पीदांनी तिकडच्या कोर्टात दावा लावला आणि २००३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांचं नाव घातल्याशिवाय विक्री करायची नाही असा हुकूम दिला. 'पाव्हणं कुठलं' हा प्रश्न ऐकताना विचारू नये हे खरं, पण पाव्हण्याला घरी ठेवून कामाला लावायचं असेल तर विचारायलाच लागतो. २००५ मध्ये 'ब्लॅक आइड पीज'नी आशाबाईंच्या दोन गाण्यांचे तुकडे एका गाण्यात वापरले, एक 'डॉन'मधलं आणि एक 'अपराध'मधलं. तिथे कल्याणजी-आनंदजींचं नाव रीतसर घातलं. त्या गाण्याला पुढच्या वर्षी रॅपसाठीचं ग्रॅमी मिळालं. सांगलीत जन्मलेला आवाज ग्रॅमी मिळालेल्या रॅपच्या सुरुवातीलाच ऐकू येतो, आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात मी हे सांगितलं तेव्हा निवेदिकेने विषय बदलून भक्तिगीताकडे नेला.

तुकडा कापून घेण्याच्या या कलेबद्दल आमच्याकडे एक तुच्छता आहे. "स्वतःचं काय आहे त्यात? सगळं उसनं." १९७३ च्या ऑगस्टमध्ये ब्राँक्समधल्या एका इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये, बहिणीने ठेवलेल्या पार्टीत, कूल हर्क नावाचा अठरा वर्षांचा जमैकन मुलगा रेकॉर्डी लावत होता. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाणं म्हणणारा थांबतो आणि नुसता ड्रम उरतो, त्या चार-सहा सेकंदांत नाचणारी पोरं वेडी होतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकडी-यंत्रांवर लावायच्या, इकडचा तुकडा संपला की तिकडचा, तोवर इकडची तबकडी मागे फिरवायची. चार सेकंदांची चार मिनिटं. हिपहॉपचा पाया तो. मला यात उसनेपणा दिसत नाही. अख्ख्या गाण्यात जीव कुठे आहे ते नेमकं ऐकायला आलं पाहिजे, तेही हजार माणसं नाचत असताना. आपल्या बैठकीत एखाद्या जागेवर "क्या बात है" म्हणणारा हेच करतो, फक्त त्याला ती जागा परत वाजवता येत नाही.

हे मी भाच्याकडून शिकलो. भाचा साताऱ्यात दिवसा मोबाइलच्या दुकानात बसतो आणि रात्री लॅपटॉपवर बीट बांधतो. पूर्वी मी त्याच्या बापाला कॅसेटी भरून द्यायचो, आता तो मला पाठवतो. त्यानेच मला डेट्रॉइटचा जे डिला ऐकवला. हा माणूस रक्ताच्या आजाराने खंगत असताना जुन्या सोल रेकॉर्डींचे तुकडे जोडत होता. 'डोनट्स' ही त्याची तबकडी त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, ७ फेब्रुवारी २००६ ला निघाली आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याचे ठोके यंत्रातले असूनही किंचित मागे रेंगाळतात. यंत्रात ठोका आपोआप सरळ करायची सोय असते, तो ती बरेचदा बंद ठेवायचा. पहिल्यांदा ऐकताना मला कॅसेट लांबलीय असं वाटलं. "मामा, मधी बोलू नको, ऐक की," भाचा म्हणाला. माझाच सोटा माझ्या पाठीत.

त्याच्या बापाला दिलेल्या कॅसेटींचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर छताला लागलं. पाणी उतरल्यावर कॅसेटी निघाल्या त्या चिखलाच्या विटा होऊन. गच्चीवर वाळत घातल्या, काहींची फीत धुऊन बघितली. फितीवरचा तपकिरी थर बोटाला येत होता. आतेभावाच्या कोऱ्या कॅसेटी त्यातच गेल्या. जे काही उरलं ते साताऱ्याला मेहुण्यांच्या माळ्यावर होतं, मी वाटलेलं. पुन्हा उतरवून घेतलेल्या नकलेची नक्कल, खरखर दुप्पट. शॉर्टवेव्हची आठवण यावी इतकी.

आता पोवाडा. रॅप म्हणजे पोवाडाच, हे मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर तयार आहे. पोवाड्यात गोष्ट श्रोत्यांना माहीत असते. शाहीर मोठ्या आवाजात ती पुढे रेटतो, डफ मागून ढकलतो, झीलकरी सूर लांबवून धरतात आणि वाघनखं निघेपर्यंत मैदान तापलेलं असतं. सगळं चढत जातं. चांगल्या रॅपमध्ये ठोका चढत नाही, तो आपल्या नादात चालत राहतो, आणि बोलणारा त्याच्या कधी पुढे, कधी मागे, कधी मधल्या मोकळ्या जागेत शब्द टाकतो. पोवाडा म्हणून ऐकायला बसलात तर "चढतच नाही की राव" म्हणून निराश व्हाल. शिवाय शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो. हा स्वतःचाच गातो, स्वतःची चाळ, स्वतःचं उधार, स्वतःचा माज.

हं, माज आणि नाव यांच्या बाबतीत मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतं, पण ते तमाशापुढे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वतन-बितन सोडून फडात शिरले, 'पठ्ठे बापूराव' झाले आणि लावणीच्या शेवटी आपलं नाव ठोकून गेले. ते टोपणनाव, ती ऐट आणि समोरच्या फडाला सवाल टाकून जवाब मागणं, याचं रॅपशी खरंच काही जमतं. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे पोवाड्यात गिरणीच्या चाळी घेऊन आले. त्यांचं नाव रॅपवाली मराठी पोरं घेतात तेव्हा मला बरं वाटतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, जो आपलं नाव शंभराचा आकडा टाकून '१०० आरबीएच' असं लिहितो, त्याची वऱ्हाडी ऐकावी. 'स्वदेसी' या गटातला एमसी मवाली ऐकावा. पण ऐकावं त्यांच्यासाठी, अण्णाभाऊंच्या वारसदारीचा दाखला तपासायला नव्हे.

मागे मिरजेला गेलो होतो. शेजारची मुलगी गाणं शिकते, तिचा तंबोरा जवारीला टाकला होता. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घरातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले तेव्हापासूनचा. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर हाडाच्या घोडीवर कानस मारत होते. एक घासा, मग तार छेडून कान तिरका, मग तारेखालचं सूत केसभर सरकवायचं, परत कान. तार सुटी वाजली तर सूर मुका राहतो. घोडीच्या उतरत्या पाठीवर ती नेमकी घासली तर आतून मधमाश्या उठतात. अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव, इथे बेसूर खपवून घेत नाहीत.

मला राहवलं नाही. मोबाइलवर ॲलिस कोल्ट्रेनचं 'जर्नी इन सच्चिदानंद' लावलं. कोल्ट्रेनची बायको, स्वतः पियानो आणि हार्प वाजवणारी. नवरा १९६७ मध्ये गेला, त्यानंतर तीन वर्षांनी घरच्याच स्टुडिओत केलेलं हे ध्वनिमुद्रण. तंबोरा तुलसी नावाच्या बाईंच्या हातात आहे. कारागिरांनी मान न वळवता विचारलं, "तंबोरा कुणाचा?" मी म्हटलं, "ऐका." मग सेसिल मॅकबीचा बेस आला, जाड, पावलं टाकल्यासारखा, तेच पाऊल परत परत. कानस थांबली. फेरो सँडर्सचा सॅक्सोफोन आला तेव्हा ते म्हणाले, "हे वाजवणारा सुराला बाहेरून शिवतोय." इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. "पोराला पाठवा हे," म्हणाले. पाठवलं. आठवड्याने तेच गाणं आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन पडलं, वर तीन झेंडे आणि मजकूर : 'अमेरिकेत घुमला मिरजेचा तंबोरा!! प्रत्येक सांगलीकराने पुढे पाठवा.' खाली हात जोडलेल्यांची रांग. यातल्या किती जणांनी गाणं उघडलं असेल याची मला शंका आहे, पण मेहुण्यांनी उघडलं होतं. त्यांनी फक्त लिहिलं, "बेस कोण हाय?"

भाच्याचं सध्याचं काम हलगीचं आहे. माण तालुक्यातल्या एका यात्रेत कुस्त्यांच्या मैदानावर त्याने मोबाइलवर हलगी टिपून आणली. दुपारी टिपलेला तुकडा आणि संध्याकाळचा तुकडा जोडायला गेला तर सूर जुळेना. कारण साधं आहे. कातड्याची हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात, तेव्हा ती टणत्कार देते. हवा गार झाली की कातडं उतरतं, आवाज खाली येतो, मग पुन्हा शेकायची. आता बरेच जण फायबरचं पान घालतात, त्याला शेकायला लागत नाही. हा वादक जुन्या पद्धतीचा. लॅपटॉपवर दोन्ही तुकडे एका सुरात आणणं हे एका बटणाचं काम होतं. भाच्याने ते केलं नाही. गाण्याच्या पहिल्या अर्ध्यात हलगी तापलेली ठेवली आणि पुढे उतरत जाऊ दिली. मला ते फार आवडलं. मी लगेच डिलाचं नाव घेणार होतो, ते गिळलं.

मात्र त्या वादकाला विचारलंस का, हे मी विचारलं. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये क्लाइड स्टबलफिल्डने १९६९ मध्ये जे काही क्षण एकट्याने ड्रम वाजवला, त्यावर पुढे शेकडो रॅप गाणी उभी राहिली आणि त्याच्या हातात त्यातलं जवळजवळ काही पडलं नाही, ही गोष्ट मी त्याला तीनतीनदा सांगितली होती. भाचा वैतागला. "मामा, माझी गाणी ऐकतंय कोण? चारशे माणसं. त्यात कसलं रॉयल्टीचं बोलतोस?" मग स्वतःच मोटारसायकल काढून दहिवडीकडे गेला, माणसाला शोधून काढलं आणि हेडफोन त्याच्या कानाला लावला. पैसे पुढे केले. त्याने ते न मोजता बंडीच्या खिशात ठेवले आणि विचारलं, "माझं नाव टाकलंय का?"

"टाकतो की. शेवटाला."

"शेवटाला न्हाई. आधी माझं, मग तुझं. हलगी आधी वाजलीय."

गाणं त्याच क्रमाने लागलंय. वादकाची तक्रार वेगळीच आहे, आणि ती भाचा मला फोनवर त्याच्याच आवाजात करून दाखवतो : "येवढं संथ का केलंस रं? असं वाजवलं असतं तर पैलवान झोपलं असतं मैदानात. चैत्रात ये परत, नीट वाजवून देतो."